प्रेरणेची कारणपरंपरा : सत्यजित राय यांची अक्षरे, मुखपृष्ठे आणि चित्रपट

कलावंताला प्रेरणा कोठून मिळते, या प्रश्नाला आपल्याकडे एक उत्तर रूढ आहे. प्रतिभा ही दैवी देणगी होय, ती ज्याच्यावर प्रसन्न होते तो कलावंत होतो, असे ते उत्तर. बौद्ध विचाराला ते मान्य होण्यासारखे नाही. जे जे उत्पन्न होते ते हेतू आणि प्रत्यय यांच्या आश्रयाने उत्पन्न होते. हा नियम एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठालाही लागू आहे आणि चित्रपटाच्या नामावलीलाही. या भूमिकेतून पाहिले असता सत्यजित राय (१९२१–१९९२) यांची कला अभ्यासास विशेष अनुकूल ठरते. चित्रपट, अक्षररचना आणि नित्याच्या वापरातील दृश्यकला ही तिन्ही क्षेत्रे त्यांच्या ठिकाणी एकत्र आली, आणि त्यांच्या प्रेरणेची कारणे बऱ्याच अंशी शोधता येतात.

पहिले कारण घरातलेच आहे. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे चित्रकार, बालसाहित्यकार आणि हाफटोन ठसेनिर्मितीचे संशोधक होते. १९१३ साली त्यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले. वडील सुकुमार राय यांनी इंग्लंडमध्ये जाऊन मुद्रणविद्येचे शिक्षण घेतले होते. १९२३ साली सुकुमार निवर्तले तेव्हा सत्यजित अवघे अडीच वर्षांचे होते. पुढे कौटुंबिक छापखानाही हातचा गेला. तरीही अक्षर ही केवळ वाचण्याची गोष्ट नसून ते ओतले, जुळवले आणि घडवले जाते, हा संस्कार त्या घरात होता.

दुसरे कारण आपल्याला अधिक जवळचे आहे. १९४० साली सत्यजित शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तेथील आचार्य नंदलाल बोस हे तरुणपणी लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येऊन गेलेले होते. स्वतः सत्यजित यांनीही विद्यार्थिदशेत अजिंठा, वेरूळ आणि सांची येथे प्रवास केला. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील जातकचित्रे ज्यांनी निरखून पाहिली असतील त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. तेथे बोधिसत्त्वाच्या भोवती हत्ती, माकडे, केळीची झाडे, दासी, शिपाई, भांडीकुंडी असा सारा लोकव्यवहार दाटलेला आहे. करुणेची कथा सांगण्यासाठी चित्रकाराने नित्याचे जीवनच साधन म्हणून वापरले आहे. कथेतील एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात नजर चौकटीवाचून सरकते. चित्रपटाच्या माध्यमाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठी पाठशाळा कोणती?

याच अजिंठ्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते. लेणी दान करणाऱ्या अमात्य वराहदेवाचे किंवा भिक्षू बुद्धभद्राचे नाव शिलालेखात टिकून आहे. भिंती रंगविणाऱ्या हातांची नावे मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

शिक्षणक्रम अर्धवट सोडून सत्यजित कलकत्त्यास परतले आणि १९४३ साली डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेत दरमहा ८० रुपयांवर कनिष्ठ चित्रकार म्हणून रुजू झाले. दिलीपकुमार गुप्त यांच्या सिग्नेट प्रेससाठी त्यांनी केलेली मुखपृष्ठे आजही अभ्यासण्याजोगी आहेत. जिम कॉर्बेट यांच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाच्या बंगाली अनुवादाचे मुखपृष्ठ म्हणजे वाघाचे पट्टेदार कातडे. दर्शनी बाजूला गोळी आत शिरल्याचे लहान छिद्र, मागील बाजूला ती बाहेर पडल्याचे मोठे छिद्र, आणि मजकूर त्या छिद्रांत बसवलेला. पुस्तक हातात घेणारा वाचक ते उलटतो तेव्हा नकळत गोळीचा मार्ग आक्रमतो. येथे अलंकार एकही नाही. वस्तूचा गुणधर्म नेमका ओळखणे एवढेच येथे घडले आहे, आणि तेच पुरेसे झाले आहे.

अचिंत्यकुमार सेनगुप्त यांच्या रामकृष्णचरित्रासाठी त्यांनी 'नामावली' हे देवनामे छापलेले उपरणे आधाराला घेतले. बंगालच्या रस्त्यावर रोज दिसणारे ते वस्त्र पुस्तकाचे वेष्टन झाले. 'एक्षण' या वाङ्मयीन नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर त्यांनी अंकामागून अंक तीच तीन अक्षरे नव्या नव्या रूपांत मांडली. पुढे 'राय रोमन' ही रोमन अक्षरमालाही त्यांनी घडविली आणि १९७१ साली तिला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

ही दृष्टी चित्रपटांत जशीच्या तशी उतरली. सिग्नेटच्या 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढता काढता त्यांच्या मनात चित्रपट आकारास आला. १९५५ च्या त्या चित्रपटाची नामावली हातकागदावर हस्ताक्षरात लिहिलेली आहे, जुन्या पोथीसारखी. 'चारुलता' (१९६४) या चित्रपटाचा प्रारंभ एका अक्षराने होतो. चारू रुमालावर पतीच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर 'बी' भरत असते. पती भूपती दिवसभर आपल्या इंग्रजी वृत्तपत्राच्या छापील अक्षरांत गुंतलेला, आणि पत्नी त्याचे एकच अक्षर दोऱ्याने गुंफीत बसलेली. एका घरातील दोन एकाकीपणे एका अक्षराने दाखविता येतात. नामावलीचा काळ बहुतेक दिग्दर्शक केवळ नावांसाठी खर्च करतात. राय तेथेच कथा सुरू करतात.

'देवी' (१९६०) मात्र आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा चित्रपट होय. नामावलीच्या वेळी पडद्यावर मूर्तीचा निरलंकृत चेहरा दिसतो आणि हळूहळू तो रंगवून, सजवून पूर्ण होतो. मूर्ती कशी घडविली जाते हे प्रेक्षक आधी पाहतो. त्यानंतर सासऱ्याला पडलेल्या एका स्वप्नामुळे दयामयी या कोवळ्या सुनेची देवी कशी केली जाते, हे तो पाहतो. भित्तिपत्रकावर तिचा चेहरा अर्धा प्रकाशात, अर्धा अंधारात आहे. माणसाला देव्हाऱ्यात बसविणे म्हणजे त्याचे माणूसपण हिरावून घेणे, हा विचार येथे संवादापूर्वीच रेषेने सांगितला आहे. प्रतिमेचा आदर आणि प्रतिमेची पूजा यांतील अंतर ज्यांना जपावयाचे आहे, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

येथवर आपण गुणग्रहण केले. परंतु समीक्षेने एक अवघड प्रश्नही विचारला पाहिजे. ज्या कलावंताला अक्षर वारशाने मिळाले, त्याला अक्षरापासून दूर ठेवलेला माणूस कितपत दिसला?

या प्रश्नाचे उत्तर 'सद्गती' (१९८१) मध्ये शोधावे लागते. प्रेमचंदांच्या कथेवरील हा हिंदी चित्रपट राय यांनी दूरदर्शनसाठी केला. दुखी (ओम पुरी) मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी ब्राह्मणाच्या (मोहन आगाशे) दारी जातो. तापातून उठलेला, उपाशी. त्याला झाडलोट करावी लागते, भुसा वाहावा लागतो, शेवटी लाकडाचा गाठाळ ओंडका फोडताना तो मरतो. प्रेत विहिरीच्या वाटेवर पावसात पडून राहते. अखेर ब्राह्मण पायाला दोरीचा फास अडकवून, स्पर्श न करता ते ओढत नेतो आणि मेलेल्या जनावरांच्या जागी टाकतो. परत येऊन पाणी शिंपडून जागा शुद्ध करतो.

या चित्रपटात राय यांनी सारा अलंकार बाजूला ठेवला. ओंडका, कुऱ्हाड, दोरी या नित्याच्याच वस्तू. पण ज्या नजरेने नामावलीच्या उपरण्यात सौंदर्य पाहिले, तीच नजर येथे दोरीच्या फासात धर्मव्यवस्थेचे संपूर्ण स्वरूप पाहते. हे थोर आहे, यात शंका नाही. तरीही एक उणीव नोंदविणे भाग आहे. दुखीचा संताप कुऱ्हाडीच्या घावांत प्रकट होतो आणि तेथेच संपतो. मूळ कथेशी राय प्रामाणिक राहिले हे खरे, परंतु १९८१ पर्यंत या देशातील दुखी बोलू, लिहू, संघटित होऊ लागला होता. त्याची चाहूल चित्रपटात लागत नाही. दुःखाचे दर्शन पूर्ण आहे. दुःखनिरोधाच्या मार्गाकडे मात्र कॅमेरा वळत नाही.

आता अजिंठ्याच्या त्या निनावी हातांकडे परत येऊ. नामावली छापणारा, पोथी लिहिणारा, मूर्तीचे डोळे रंगविणारा, रुमाल भरणारी स्त्री, यांच्यापैकी कोणाचेही नाव राय यांच्या मुखपृष्ठांवर वा नामावल्यांत नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. पण प्रेरणा परस्परावलंबी आहे हे एकदा मान्य केले की तिचे ऋणही मान्य करावे लागते. स्वतः राय यांना याची जाणीव होती असे मानण्यास आधार आहे. शांतिनिकेतनातील आपले गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी गेल्यानंतर, १९७२ साली, त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट करून त्यांनी एका ऋणाचा उच्चार केला.

आपल्या वस्तीतील दुकानाची पाटी, भिंतीवर हाताने रंगविलेले अक्षर, आजीची गोधडी यांकडे आपणही सहसा लक्ष देत नाही. विहाराचा फलक वा पुस्तकाचे मुखपृष्ठ करावयाचे झाले की नजर तयार नमुन्यांकडे वळते. राय यांच्या कलेचा धडा असा की नमुना जवळच असतो, तो नीट पाहावा लागतो. त्यापुढचा धडा अजिंठ्याच्या भिंती देतात. पाहताना तो कोणाच्या हातांनी केला, हेही विचारावे, आणि उत्तर मिळाल्यास ते नाव लिहून ठेवावे.