नावे नसलेला स्तंभ

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या वस्तीत कोणत्याही घरात गेले तरी भिंतीशी लागून एक शोकेस असते. तीत बुद्ध असतो, बाबासाहेब असतात, पोरांनी शाळेत मिळवलेले कप असतात, आणि त्यांच्या जोडीला वीतभर उंचीचा एक चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ असतो. कोणाचा पितळेचा, कोणाचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, कोणाचा काचेच्या पेटीतला, आत दिवा लागणारा. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन आलेल्याने तो आणलेला असतो, किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून. एवढ्याशा वस्तूची समीक्षा काय करायची, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याने आपले म्हणणे वस्तूंतूनही मांडले आहे. त्याच्या समीक्षेने वस्तूंकडे पाठ फिरवावी, हा अभिजनांचाच संस्कार ठरेल.

या आकाराला जगात ओबेलिस्क म्हणतात. तो मूळचा मिसर देशातला. अस्वानच्या खाणीतून एकसंध ग्रॅनाइट काढायचा, नाईल नदीतून वाहून न्यायचा आणि सूर्यदेवाच्या मंदिरासमोर जोडीने उभा करायचा, अशी ती रीत. त्यावर राजाचे नाव कोरले जाई, खोदणाऱ्याचे नव्हे. अस्वानला एक ओबेलिस्क खाणीतच आडवा पडून आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांहून अधिक. काम चालू असतानाच दगडाला तडा गेला आणि तो तेथेच सोडून दिला. त्यावर राजाचे नाव नाही, पण दगडाने दगड ठेचणाऱ्या हातांच्या खुणा आहेत. श्रमिकांचे स्मारक म्हणावे तर मला तेच खरे वाटते.

पुढचा इतिहास लुटीचा आहे. रोमच्या सम्राटांनी ओबेलिस्क उचलून नेले. आज एकट्या रोम शहरात प्राचीन मिसरी ओबेलिस्क आठ आहेत. १५८६ साली पोपने त्यांतला एक सेंट पीटरच्या चौकात हलवला आणि माथ्यावर क्रूस बसवला. १८३६ मध्ये पॅरिसला एक उभा राहिला, १८७८ मध्ये लंडनला, १८८१ मध्ये न्यूयॉर्कला. मुसोलिनीने इथिओपियातील अक्सुमचा स्तंभ १९३७ साली रोमला आणला, तो परत जायला २००५ साल उजाडले. जो जिंकला, त्याने दुसऱ्याचा स्तंभ आपल्या अंगणात रोवला.

आणि ज्यांना मोठा स्तंभ उचलता येत नव्हता, त्यांनी लहान विकत घेतला. अठराव्या शतकात इंग्लंडातील जमीनदारांची पोरे शिक्षणाचा शेवटचा संस्कार म्हणून इटलीला जात. परतताना रोमच्या कारागिरांकडून संगमरवराचे, काशाचे छोटे ओबेलिस्क आणत आणि शेकोटीवरच्या फळीवर दोन बाजूंना दोन मांडत. नेपोलियनच्या १७९८ च्या मिसर मोहिमेनंतर तर हा आकार घड्याळांवर, दौतींवर, थडग्यांवर सगळीकडे पसरला. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात ही जोडी 'अँटिक' म्हणून विकली जाते. तिच्यात सूर्य उरलेला नाही, राजा उरलेला नाही, दगड फोडणारा तर कधी नव्हताच. उरली आहे ती मालकाच्या अभिरुचीची जाहिरात.

मग आमच्या शोकेसमधला स्तंभ याच वंशावळीतला समजायचा काय? आकाराने होय. कोरेगावचा स्तंभ बांधला तो ईस्ट इंडिया कंपनीने, आणि तिने तो आपल्या विजयाच्या अभिमानासाठी बांधला. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालच्या आठशेच्या आसपास सैन्याने दुसऱ्या बाजीरावाच्या फार मोठ्या फौजेसमोर दिवसभर गाव लढवले. १८२१ साली स्मारकाची कोनशिला बसली. येथवर साम्राज्याची नेहमीची कथा.

परंतु एका ठिकाणी ही कथा मोडते. स्तंभावर मृत शिपायांची नावे कोरली आहेत. ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ज्याची सावली गावाला चालत नव्हती, त्याचे नाव दगडावर आले. आपल्याकडे वीरगळ होतेच. बोरिवलीजवळ एक्सरला मोठे वीरगळ आहेत. त्यांवर लढाई आहे, मरण आहे, स्वर्गातली अप्सराही आहे. पण मेलेल्या साध्या शिपायाचे नाव तेथे कोणी कोरून ठेवलेले नाही. रेल्वेच्या पलीकडे पूर्वेला आमचे शिवमंदिर आहे. त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा आहे. ज्यांनी तो दगड वाहिला त्यांचे वंशज कदाचित याच वस्तीत राहत असतील. त्यांना ते सिद्ध करता येणार नाही. कोरेगावच्या दगडाचे वेगळेपण त्याच्या उंचीत नसून या नावांत आहे.

कंपनीवर भाळण्याचे मात्र कारण नाही. ज्या इंग्रज सत्तेने नावे कोरली, त्याच सत्तेने १८९० च्या दशकाच्या प्रारंभी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केले. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये पलटण उभारली, गरज सरली तशी १९२१ मध्ये मोडली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर. दोन तारखांमध्ये तीन महिन्यांचेही अंतर नाही. साम्राज्याच्या विजयस्तंभाचा अर्थ तेथे बदलला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या चिन्हात हाच स्तंभ होता. पुढे तो गेला, त्या जागी खंजीर आला.

बाजाराला मात्र नावाची किंमत आपल्या आधी कळली. १८५१ साली इंग्रजांनी जुन्या लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर केले. त्यावर कोरेगावची वेगळी पट्टी होती. ते मिळायचे तेव्हा जिवंत असलेल्यांनाच. लढाईला ३३ वर्षे उलटून गेली होती, आणि स्तंभावर ज्यांची नावे आहेत त्यांपैकी एकालाही ते मिळणे शक्य नव्हते. या पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव असते, आणि संग्राहक पदक हाती घेतो तेव्हा आधी ती कड पाहतो. ज्याच्या नावाला जिवंतपणी भाव नव्हता, त्याच्या नावामुळे चांदीला भाव येतो.

आपल्या घरांत जुन्या वस्तू का नाहीत, हा प्रश्नही येथेच विचारला पाहिजे. जुनी वस्तू उरायला आधी वस्तू असावी लागते, आणि ती ठेवायला घर. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्याची नोंद केली आहे. जेथे पितळेची कळशी हा गुन्हा होता, तेथे पितळेची जुनी समई कोठून असणार? म्हणून शोकेसमधला पितळी स्तंभ पाहून कोणी 'दिखाऊपणा' म्हणून नाक मुरडले, तर मी त्याच्याशी सहमत होणार नाही. ज्याला भूतकाळ मिळालाच नाही, त्याने तो विकत आणला, इतकेच.

एक गंभीर आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ च्या जानेवारीत मांडले, की कोरेगावची लढाई ही पेशवाईच्या जातिअत्याचाराविरुद्धची लढाई होती असे मानणे इतिहासाला धरून नाही, आणि अशी मिथके जी अस्मिता ओलांडायची तिलाच घट्ट करतात. कंपनीच्या त्या पलटणीत महारांबरोबर मराठे, रजपूत, मुसलमानही होते, हे खरे आहे. १ जानेवारी २०१८ ला, द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगावात जे हल्ले झाले त्यानंतर हा आक्षेप ऐकणे अनेकांना जड गेले. तरीही तो ऐकला पाहिजे. शिपाई कशासाठी लढला हे स्तंभ सांगत नाही. पगारासाठी लढला असेल. पण तो मेला आणि त्याचे नाव राहिले, एवढे स्तंभ निश्चित सांगतो. मिथकाला आधार उंचीचा लागतो, इतिहासाला नावांचा.

आणि नेमकी तीच गोष्ट आमच्या शोकेसमध्ये नाही. वीतभर स्तंभावर नावे मावत नाहीत. म्हणून कारागीर ती गाळतो आणि त्या जागी 'जय भीम' किंवा बाबासाहेबांचे चित्र चिकटवतो. आपल्या नकळत आपण तोच ओबेलिस्क घरी आणतो, जो इंग्रज जमीनदार रोमहून आणत होता: उंची आहे, टोक आहे, माणूस नाही. पुढे त्याच्यासमोर उदबत्ती लागते, आणि ज्या स्मृतीने प्रश्न विचारायचा ती देव्हाऱ्यात जाऊन बसते.

आमच्या चाळीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. जन्मभर मिलिंग मशीन चालवले. बाजारातला स्तंभ त्यांनी हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाले, चारी बाजू सारख्या नाहीत. मग ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यांनी स्वतः एक केला. कोरेगावला जाऊन नावे वहीत उतरवून आणली आणि अक्षरांचे पंच घेऊन एकेक ठोकली. स्तंभावर जागा नव्हती, म्हणून खालचा चौथरा वाढवला. तो इतका वाढला, की वरचा स्तंभ त्याच्यापुढे खुजा दिसतो. प्रमाणबद्धतेच्या कोणत्याही कसोटीवर वस्तू नापास आहे.

मी पाहिले तेव्हा नावे ४९ होती. मी विचारले, "काका, आपली २२ च घ्यायची ना? एवढी मेहनत वाचली असती."

ते म्हणाले, "सर, दगडावर आहेत तेवढी मारली. दुसऱ्याचं नाव खोडायला आपण काय पेशवे आहोत का?"

या उत्तरानंतर मला तेलतुंबड्यांचा आक्षेपही नव्याने समजला आणि स्तंभही. सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत आपण नेहमी म्हणतो, की प्रस्थापितांचे सौंदर्य आपले नाही. मग आपले कोणते? माझ्यापुरते उत्तर असे, की जेथे नावांसाठी जागा करताना वस्तूचे प्रमाण बिघडते आणि कर्त्याला त्याची खंत वाटत नाही, तेथे ते सुरू होते. येत्या १ जानेवारीला कोरेगावहून स्तंभ जरूर आणा. सोबत एक वही न्या. आणि घरी आजोबांचा पेन्शनचा कागद, बिल्ला, हजेरीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत पडले असेल, तर ते भंगारवाल्याकडे जाण्याआधी स्तंभाशेजारी मांडा. त्यावर नाव आहे.