निकाल लागण्याआधीची मीटिंग

पहिल्यांदा ती क्लिप पाहिली तेव्हा मीही हसलो होतो. न्यूयॉर्क जायंट्सचे मालक जॉन मारा आपल्या जनरल मॅनेजरला सांगतात, की सेक्वॉन बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. बार्कली गेला, फिलाडेल्फियालाच. त्या सीझनमध्ये तो 2005 यार्ड धावला आणि 9 फेब्रुवारी 2025 रोजी, नेमका त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोल जिंकला. जायंट्स 17 पैकी 14 सामने हरले. त्या क्लिपवर किती मीम्स झाले असतील याची कल्पना करा.

क्लिप आहे 'हार्ड नॉक्स: ऑफसीझन विथ द न्यूयॉर्क जायंट्स' या एचबीओच्या मालिकेतली. जुलै 2024 मध्ये आलेले पाच भाग. 'हार्ड नॉक्स' ही एनएफएल फिल्म्सची जुनी मालिका. एरवी ती सीझनच्या तोंडावर होणाऱ्या सरावशिबिरात कॅमेरा नेते. यावेळी पहिल्यांदाच कॅमेरा ऑफिसात गेला. जानेवारी ते एप्रिल, एकही मॅच नाही. फक्त मीटिंगा, फोन आणि पांढऱ्या बोर्डावर लावलेल्या नावांच्या पट्ट्या.

मी ती उलट्या बाजूने पाहिली: आधी क्लिप, मग निकाल, शेवटी मालिका. बहुतेकांनी तशीच पाहिली असावी. पाचही भाग सलग पाहिल्यावर मात्र मला वाटलं, की आपण चुकीच्या माणसाला चुकीच्या कारणासाठी हसतोय. मालिकेत खरी खोट आहे, पण ती दुसरीकडेच आहे.

आधी थोडं गणित. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा सगळ्यात महागडा खेळाडू. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. रनिंग बॅक बॉल घेऊन पळतो, मार खातो आणि तिशीच्या आत उतरणीला लागतो, म्हणून बाजारात त्याचा भाव कमी. प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा असते, आयपीएलच्या पर्ससारखी. 2024 साली ती 25.54 कोटी डॉलर होती. डॅनियल जोन्स हा जायंट्सचा क्वार्टरबॅक. वर्षाला सरासरी 4 कोटी डॉलर आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं.

या हिशेबात जनरल मॅनेजर जो शेन जे बोलतो ते ऐका. त्याचं म्हणणं असं, की क्वार्टरबॅकला 4 कोटी द्यायचे ते त्याने 1.2 कोटीच्या रनिंग बॅकच्या हातात बॉल सोपवावा म्हणून नाही. हे वर्ष डॅनियलचं. तो आपला माणूस आहे की नाही, हे आता कळायला हवं. त्यासाठी त्याच्यापुढची बचावाची फळी पक्की करू. यात मूर्खपणा कुठे आहे? तुम्ही-मी त्या टेबलाशी असतो तर मान डोलावली असती. ही या मालिकेची ताकद. निकाल माहीत नसताना निर्णय कसा दिसतो, हे इतक्या जवळून क्वचित पाहायला मिळतं. शेनला चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक नको असतो. ड्राफ्टमध्ये तो न्यू इंग्लंडला फोन करतो, तिसरा नंबर मागतो, म्हणजे ड्रेक मे मिळेल. ते देत नाहीत. मग तो सहाव्या नंबरवर मलिक नेबर्स हा रिसीव्हर घेतो. हे करताना त्याच्या चेहऱ्यावर एका क्षणासाठी जे दिसतं, ते कुठल्याही मीममध्ये नाही.

पण 2024 च्या त्या खोलीतले बरेचसे निर्णय आधीच झालेले होते, आणि मालिका हे पुरेसं सांगत नाही. 2022 मध्ये शेन आणि कोच ब्रायन डेबॉल दोघेही बफेलोहून आले. तेव्हा जोन्सच्या करारातलं पाचवं वर्ष, साधारण 2.2 कोटी डॉलरचं, शेननेच नाकारलं होतं. विश्वास नव्हता. मग एक चांगला सीझन झाला, प्लेऑफमधला एक विजय मिळाला, डेबॉल वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. मार्च 2023 मध्ये त्याच जोन्सला चार वर्षांचे 16 कोटी देण्यात आले. बाजारात जाण्यापासून खेळाडूला एका वर्षासाठी अडवणारा 'फ्रँचायझी टॅग' टीमकडे एकच असतो. तो बार्कलीवर वापरला गेला. उलटं केलं असतं तर? जोन्सला एक वर्ष टॅगवर ठेवून पाहता आलं असतं, बार्कलीशी निवांत करार करता आला असता. आपण ज्याला हसतो ती 2024 ची चाल म्हणजे 2023 च्या चालीचा हप्ता होता. कॅमेरा आला तेव्हा कर्ज आधीच काढून झालं होतं.

मालिकेतली दुसरी उणीव मला जास्त बोचली. लीव्ह श्रायबरचा भारदस्त आवाज आणि हळूहळू चढत जाणारं संगीत आपल्याला शेनच्या शेजारच्या खुर्चीत बसवतात आणि तिथून उठू देत नाहीत. ज्याच्याबद्दल सगळं चाललंय तो जोन्स फार थोडा दिसतो. तो आपला गुडघा दुरुस्त करतोय. इकडे त्याची जागा घेऊ शकतील अशा पोरांचे व्हिडिओ बघितले जातायत. ही दोन दृश्यं शेजारी शेजारी ठेवली असती तर ही मालिका फार मोठी झाली असती. पण ती क्लबच्या सहकार्याने बनते, आणि क्लब म्हणजे ती खोली.

मला ती खोली ओळखीची वाटली. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एकाचं रेटिंग ठरत होतं तेव्हा मी मीटिंगला होतो. प्रोजेक्टरवर शीट, एका ओळीत त्याचं नाव, पुढे आकडे. तो काचेपलीकडे बसून बिल्ड पास होतोय का ते बघत होता. वर्षभरात त्याचे तीन मॅनेजर बदलले होते, हातातलं काम दोनदा काढून घेतलं होतं. हे मला माहीत होतं. मी बोललो नाही, कारण शीटवरचे आकडे चुकीचे नव्हते. सगळे हुशार होते, कोणी दुष्ट नव्हतं. तीन महिन्यांनी तो गेला. त्याच्या फेअरवेलच्या केकचा तुकडा मी खाल्ला.

जोन्सनेही पहिल्या चार वर्षांत तीन हेड कोच पाहिले. आकडा म्हणून ही गोष्ट कुठेच मांडता येत नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये त्याला बाहेर बसवलं. त्याला मोठी दुखापत झाली असती तर पुढच्या वर्षीचे 2.3 कोटी डॉलर द्यावे लागले असते, असं कलम करारात होतं. ते तेव्हा कोणापासून लपलेलं नव्हतं. मग त्याने पत्रकारांसमोर एक कागद वाचून दाखवला, आपल्या वाट्याची जबाबदारी घेतली आणि दुसऱ्या दिवशी क्लबने त्याला मोकळं केलं. त्या कागदावरचे शब्द अगदी साधे होते. मालिकेच्या पाच भागांत जो आवाज ऐकायचा राहिला होता, तो मला तिथे ऐकू आला.

पुढची गोष्ट एखाद्या लेखकाने रचली असती तर आपण तिला बेतलेली म्हटलं असतं. नोव्हेंबर 2025 च्या एका रविवारी जोन्सची नवी टीम, इंडियानापोलिस, बर्लिनमध्ये जिंकली आणि तिचा हिशेब 8 विजय, 2 पराभव असा झाला. त्याच दिवशी जायंट्स 2 विजय, 8 पराभवांवर आले. सोमवारी डेबॉलला काढलं. शेन राहिला. पुन्हा मीम्स. आणि डिसेंबरमध्ये जोन्सचा अकिलीस टेंडन फाटला.

आता सांगा, शेन चूक होता की बरोबर? हा प्रश्न दर महिन्याला नवं उत्तर देतो, म्हणून मला तो सोडून द्यावासा वाटतो. एखादा निर्णय घेताना ज्याच्याबद्दल तो घेतला जातोय त्याचं काय काय टेबलावर आलं आणि काय आलं नाही, हा प्रश्न निकालावर अवलंबून नाही. तो मीटिंग चालू असतानाच विचारता येतो.

मालिका बघाच. सलग बघा, क्लिपा नकोत. आणि बघताना मधूनमधून काचेपलीकडे कोण बसलंय ते आठवा. मला ते केकचा तुकडा हातात असताना आठवलं होतं.