मधल्या साठ वर्षांचं मराठी

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ आज घरबसल्या वाचता येते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही इंटरनेटवर फुकट मिळतात. गेल्या महिन्यात आलेली कादंबरी दुकानात किंवा ई-बुक म्हणून विकत मिळते. पण १९६०-७०च्या सुमारास एकच आवृत्ती निघून संपलेला एखादा कथासंग्रह हवा असेल, तर तो दुकानात नसतो, आणि इंटरनेटवर असलाच तर कुणीतरी परवानगीशिवाय चढवलेला असतो. मराठीचं डिजिटल भांडार असं दोन्ही टोकांना भरलेलं आणि मध्ये पोकळ आहे. त्याचं खापर आपण सरसकट कॉपीराइटवर फोडतो. माझ्या मते त्यात कायद्याचा दोष निम्माच आहे.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. १९५७च्या कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचे हक्क १९९१च्या अखेरीस संपणार, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन २००१ऐवजी २०११मध्ये मुक्त झालं. आज ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांकडून निघते. १९६९ साली गेलेले आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होतील. पण हे लेखक पुन्हा पुन्हा छापले जातात, त्यांच्यासाठी वाचक अडून बसलेला नाही. खरी अडचण आहे ती ज्यांचा प्रकाशक बंद पडला आणि वारस कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, अशांची.

अशा पुस्तकांसाठी कायद्यात वाट आहे. लेखक हयात नसेल किंवा सापडत नसेल आणि त्याचं लेखन वाचकांना मिळत नसेल, तर परवाना मागता येतो. प्रकाशित पुस्तकांना ही सोय २०१२च्या दुरुस्तीने मिळाली. अट अशी, की आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मराठी दैनिकात ती सक्तीची आहे फक्त मराठी अनुवाद काढायचा असेल तेव्हा. मूळ मराठी पुस्तक पुन्हा छापताना नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या लेखकाच्या नातवंडांपर्यंत ही जाहिरात पोचणार कशी? त्यात असे अर्ज ऐकणारं अपील मंडळ २०२१ साली बरखास्त झालं आणि काम न्यायालयांकडे गेलं. सव्वाशे पानांच्या कथासंग्रहासाठी कोणता छोटा प्रकाशक वकील लावील?

नियतकालिकांचा गुंता याहून मोठा आहे, आणि मराठीचं तर निम्मं साहित्य आधी तिथेच आलं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. अंक संपादकाचा असला तरी बाहेरून लिहिणाऱ्याच्या लेखाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, त्या लेखकाकडेच राहतो. १९६० सालचा एखादा दिवाळी अंक समोर घ्या. त्यात टोपणनावाने आलेली आणि लेखक कधीच उघड न झालेली कविता प्रकाशनानंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०२१च्या आरंभीच मुक्त झाली. तिच्या शेजारच्या कथेचा लेखक १९९५ साली गेला असेल, तर ती २०५५च्या अखेरपर्यंत बंद. तीस लेखकांच्या अंकासाठी तीस घरं शोधायची. म्हणून अख्खा अंक कपाटातच राहतो आणि वाळवी कुणाची परवानगी मागत नाही.

आता उरलेला निम्मा दोष. १९९०च्या दशकापासून आपली पुस्तकं डीटीपीवर जुळवली गेली, ती युनिकोडपूर्व फाँटांमध्ये. त्या फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. अशा पीडीएफमधलं वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. शोध लागत नाही. दृष्टिहीन वाचकाच्या संगणकाला तर त्यातला एक शब्दही वाचता येत नाही. अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती काढायला २०१२च्या दुरुस्तीने मोकळीक दिली, आणि त्याच हेतूचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ साली जगातला पहिला देश ठरला. कायद्याने दार उघडलं, पण मराठी पुस्तकाच्या फाइलने ते लावून घेतलं. याला परदेशी कंपन्या जबाबदार नाहीत, आपली बेफिकिरी जबाबदार आहे, आणि याचा मला राग येतो.

शिळाछापाची आणि जुन्या खिळ्यांची पानं यंत्राकडून वाचून घेणं आता बरंच सुधारलं आहे. तरी ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांच्या जागी बसतात, फिकट छपाईत अनुस्वार गळतात. विकिस्रोतवर डाव्या-उजव्या बाजूंना मजकूर आणि मूळ पानाचं चित्र ठेवून स्वयंसेवक एकेक ओळ तपासतात. पान लालवरून पिवळं आणि दुसऱ्या माणसाने पाहिल्यावर हिरवं होतं. हे मुद्रितशोधन बिनमोबदला चालतं. केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा विश्वकोश ऑनलाइन आले, ही मोठी कमाई. पण मोल्सवर्थ आणि दाते यांचे कोश शोधायला आपण वर्षानुवर्षं शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो, हेही लक्षात ठेवायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र मला ज्ञानप्रसार वाटत नाहीत. मराठीत सहसा हजारेक प्रतींची आवृत्ती निघते; हयात लेखकाच्या हाती त्यातून आधीच थोडं पडतं, तेही आपण काढून घेतो.

उपाय अवघड नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मानधनाच्या पत्रातच अंकाचा डिजिटल संग्रह करण्याची परवानगी मागावी. आजचा अंक तरी २०९०मध्ये अडकणार नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पुस्तकांना अनुदान देतं. त्या प्रत्येक पुस्तकाची युनिकोड फाइल मंडळाकडे जमा करण्याची अट घालावी. आणि परवान्याची जाहिरात ज्या भाषेतलं पुस्तक त्याच भाषेच्या दैनिकात यावी, एवढी दुरुस्ती आपल्या खासदारांनी संसदेत मागावी.