पार्श्वभूमी पुसलेले चेहरे

आषाढी जवळ आली की दिवे घाटात कॅमेऱ्यांची झुंबड उडते. मग आठवडाभर समाजमाध्यमांवर जणू एकच फोटो वेगवेगळ्या नावांनी फिरत राहतो: सुरकुतलेला चेहरा, कपाळी बुक्का, नजर थेट भिंगात आणि मागचे सगळे धूसर. फोटोत तांत्रिक खोट काढायला जागा नसते. पण हा वारकरी कोणत्या गावचा, कोणत्या दिंडीतला, सोबत कोण, पायांत काय, यातले काहीही कळत नाही. आपल्याकडचे व्यक्तिचित्रण आज इथे येऊन अडले आहे. कसब वाढले, कुतूहल आटले.

कसब वाढले ते मुख्यतः यंत्रामुळे. एकेकाळी पार्श्वभूमी विरघळवायला मोठ्या छिद्राची महागडी लेन्स घ्यावी लागे. 2016 मध्ये आयफोन 7 प्लसवर ‘पोर्ट्रेट मोड’ आला आणि पुढे साध्या फोनमध्येही तो पोचला. हा धूसरपणा गणिती असतो. म्हणूनच सुटलेल्या बटा आणि चष्म्याची काडी कधीकधी पार्श्वभूमीसोबत पुसली जाते. शिवाय धूसर केल्याने चेहऱ्याची ठेवण सुधारत नाही. ती ठरते अंतरावर. हातभर अंतरावरून नाक फुगते आणि कान मागे पळतात. दीड-दोन मीटर मागे सरकले की प्रमाण ताळ्यावर येते. लांब पल्ल्याची लेन्स एवढेच करते की तेवढ्या अंतरावरूनही चौकट भरते.

प्रकाशाची गतही तीच. गौतम राजाध्यक्ष (1950–2011) यांच्या मऊ प्रकाशातल्या तारे-तारकांनी मराठी घरांत व्यक्तिचित्राची आवड रुजवली. त्यांच्या अनुकरणातून उरला तो फक्त मऊपणा. दोन्ही बाजूंनी सॉफ्टबॉक्स लावायचे, सावली हद्दपार करायची, राहिलेले अ‍ॅपने घासायचे! साखरपुड्याच्या अल्बमपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत सगळे चेहरे एकाच साच्यातले आणि एकाच रंगाचे. सावळ्या माणसाला उजळ करण्याचा हा हट्ट तंत्राचा नाही, आपल्या मनाचा आहे. खरे तर एक खिडकी पुरते. माणसाला खिडकीपासून थोडे आत, तिच्याकडे तिरके बसवावे. नाकाची सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला मिळाली की त्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. रेम्ब्राँटच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाश तो हाच. सावली फार दाट वाटली तर त्या बाजूला थर्माकोलचा पत्रा धरावा. त्वचा सावळी असेल तर एक्स्पोजर किंचित उतरवावे, म्हणजे गालावरची चमक आणि रंगाची खोली दोन्ही टिकतात.

पण चित्र लक्षात राहते ते कशामुळे? छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन यांनी 1946 मध्ये टिपलेला संगीतकार स्ट्राविन्स्की पाहा. पियानोच्या उघड्या झाकणाचा काळाभोर आकार जवळजवळ सगळी चौकट व्यापतो आणि संगीतकार डाव्या कोपऱ्यात, डोके हाताला टेकवून, एवढासा. ज्या मासिकाने हे काम सांगितले होते, त्या ‘हार्पर्स बझार’ने ते नाकारले. आज न्यूमन यांची ओळख याच चित्राने होते. इथे पियानो काढला तर उरेल फक्त एक चष्मेवाला गृहस्थ.

यावर कोणी रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांचे नाव पुढे करील. ‘इन द अमेरिकन वेस्ट’ (1985) मध्ये त्यांनी खाणकामगार, भटके, कसाईखान्यातले मजूर कोऱ्या पांढऱ्या कागदापुढे उभे केले. मात्र त्यांनी पार्श्वभूमी काढली, माणसाचा तपशील काढला नाही. मळके कपडे, हात, उभे राहण्याची ढब सगळे लख्ख दिसते आणि चित्राखाली नाव, व्यवसाय, गाव, तारीख असते. शिवाय ते कॅमेऱ्याआड न लपता त्याच्या शेजारी उभे राहत, म्हणजे समोरचा माणूस भिंगाशी नव्हे, त्यांच्याशी नजर भिडवी. उलट स्टीव्ह मॅकरी यांची ‘अफगाण मुलगी’ 1985 मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, पण शरबत गुला हे तिचे नाव जगाला कळायला 2002 साल उजाडले. आपल्याकडे अनुकरण झाले ते या दुसऱ्या वाटेचे.

आशेची जागा दुसरीकडे दिसते. केतकी शेठ यांनी ‘फोटो स्टुडिओ’ (2018) मध्ये देशातल्या उतरणीला लागलेल्या स्टुडिओंतली माणसे आणि रंगवलेले पडदे एकत्र टिपले. नागद्याच्या सुहाग स्टुडिओतले सुरेश पंजाबी यांचे जुने फोटो ख्रिस्तोफर पिनी यांच्या पुस्तकामुळे अभ्यासकांपर्यंत पोचले. अशा स्टुडिओंत पडदा, टेलिफोन, गॉगल हे सगळे गिऱ्हाइकाच्या हौसेचे असे. आपण कसे दिसावे, हे ठरवण्यात त्याचाही वाटा असे. आजच्या घाईत त्याचे मतच कोणी विचारत नाही.

तेव्हा पुढच्या वारीला जाणाऱ्या छायाचित्रकारांना एवढीच विनंती: छिद्र एफ/8 वर आणा, दोन पावले मागे या, दिंडी चौकटीत येऊ द्या आणि फोटोखाली त्या माणसाचे नाव, गाव त्याला विचारून लिहा.