शोकाचे साधारणीकरण : टेर बोर्ख भावंडांचे एक स्मृतिचित्र

काशीचा मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधविला. त्यांचे नाव घाटाला चिकटून राहिले. परंतु ते उच्चारताना कोणाच्या डोळ्यांपुढे एखादी मुद्रा उभी राहत नाही. दगडी स्मारकाची मर्यादा ती हीच. चित्ररूप स्मारकाची अडचण नेमकी उलट असते. तेथे मुद्रा टिकते. मात्र परक्या प्रेक्षकाने तिच्यासाठी का हळहळावे, हा प्रश्न उरतो. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील मोझेस टेर बोर्ख याचे स्मृतिचित्र या दृष्टीने विचारार्ह आहे.

मोझेस हा स्वतः कुशल रेखाटनकार. डच-इंग्रज युद्धात, जुलै १६६७ मध्ये, हार्विचनजीकच्या किल्ल्यावरील हल्ल्यात तो वयाच्या २२ व्या वर्षी पडला. पुढील दोनेक वर्षांत त्याची बहीण गेसिना व सावत्र बंधू गेरार्ड यांनी हे चित्र मिळून रंगविले. तरुण उभा आहे. भोवती कवटी, घड्याळ, शस्त्रे आणि कुत्रे आहेत.

चिन्हांची ही दाटी भावनेला मारक ठरते, असा आक्षेप संभवतो. चिन्हे हौशी बहिणीची आणि मुद्रा निष्णात भावाची, अशी वाटणीही मग सोपी वाटू लागते. पण तिने चित्रच दुभंगते. आपल्या रसविचाराने लौकिक शोक आणि करुण रस यांत भेद केला, तो साधारणीकरणाच्या बळावर. येथे ते कार्य चिन्हेच करतात. कवटी कोणा एकाची नव्हे. घड्याळातला काळही सर्वांचाच. डच प्रेक्षकाला कुत्र्यात निष्ठा दिसेल, तर भारतीय वाचकाला स्वर्गारोहणातील युधिष्ठिराचा अखेरचा सोबती आठवेल. संकेत परका असूनही अर्थ पोचतो. आणि चिन्हे एवढी सार्वत्रिक असल्यामुळेच त्यांच्यामधील एकमेव व्यक्तिगत गोष्ट, तो चेहरा, अधिक एकाकी भासतो.

गेसिनाने मोझेसची व इतर भावंडांची रेखाटने आयुष्यभर जपली. ती आज आपल्याला उपलब्ध आहेत, ती मुख्यतः तिच्यामुळे. जपणे हीच तिची साधना होती. प्रस्तुत चित्र त्याच साधनेचे अंग मानले, तर चिन्हांची दाटी हा अलंकाराचा सोस न राहता शोकाने स्वतःवर घातलेली शिस्त ठरते. आक्रोश टाळणाऱ्या या चित्रात करुण रस आहे, तो त्या शिस्तीमुळेच.