रिसीव्हरची वाक्ये : एक भाषिक परामर्श

उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ठरविणारा रिसीव्हर ते स्थान बाहेर कसे सांगतो, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा आहे. परंतु या सांगण्याची परिभाषा भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी आहे. अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने १९८३ मध्ये सिद्ध केलेल्या 'एनएमईए ०१८३' या मानकात पाठविणाऱ्या उपकरणास 'वक्ता', घेणाऱ्यास 'श्रोता' आणि प्रत्येक ओळीस 'वाक्य' अशा अर्थाच्या संज्ञा दिल्या आहेत. बोलींच्या सर्वेक्षणात गावाचे स्थान अशा नोंदीवरून नकाशावर येते, तेव्हा या संज्ञा कितपत सार्थ आहेत हे तपासणे आपणांस आवश्यक ठरते.

या वाक्याचा आरंभ डॉलरचिन्हाने होतो. पहिली दोन अक्षरे वक्त्याची ओळख देतात : 'जीपी' म्हणजे जीपीएस, 'जीएन' म्हणजे अनेक उपग्रहप्रणालींचा मेळ. पुढील तीन अक्षरे वाक्याचा प्रकार सांगतात. नंतर स्वल्पविरामांनी विभागलेली पदे, मग तारकाचिन्ह आणि शेवटी तपासणीची दोन चिन्हे. येथे विभक्ती नाही. अर्थ सर्वस्वी पदक्रमावर अवलंबून असतो. म्हणूनच एखादी माहिती उपलब्ध नसली, तरी तिची जागा दोन स्वल्पविरामांमध्ये रिकामी राखली जाते. पाणिनीय लोपाची येथे सहज आठवण व्हावी : जे दिसत नाही, तेही व्यवस्थेत गणले जाते.

या रचनेतील खरे वैगुण्य तपासणीत आहे. डॉलरचिन्ह आणि तारकाचिन्ह यांमधील सर्व अक्षरांच्या संकेतांकांवर एकच द्विमान क्रिया करून ती दोन चिन्हे काढतात. या क्रियेत क्रमाला महत्त्व नाही. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येते. ज्या भाषेत क्रम हाच अर्थ, तिचा रक्षकच क्रमाविषयी अंध असावा, हा विसंवाद लक्षणीय होय. शिवाय ही तपासणी प्रेषणाची आहे, अर्थग्रहणाची नव्हे. '१८३१.२' हे अक्षांशाचे पद १८ अंश ३१.२ मिनिटे, म्हणजे सुमारे १८.५२ अंश, असे वाचावयाचे असते. कोणी ते १८.३१२ अंश असे वाचले, तर गाव सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेस सरकते आणि दोन बोलींमधील सीमारेषा त्याच्याबरोबर सरकते.

रिसीव्हरने कोणती वाक्ये उच्चारावीत, हे आज्ञा देऊन ठरविता येते. या निवडीमागे मूळची एक अडचण होती. मानकाचा रूढ वेग सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षरास १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे. वाक्याची मर्यादा ८२ अक्षरांची. तेव्हा पूर्ण लांबीची सहा वाक्ये एका सेकंदात मावत नाहीत. आज अधिक वेग उपलब्ध असल्याने ही सक्ती उरलेली नाही. तथापि 'स्थान तेवढे पुरे' असे मानून 'जीएलएल' हे एकच वाक्य चालू ठेवण्याचा मोह होऊ शकतो. त्यात अक्षांश, रेखांश, वेळ आणि नोंद ग्राह्य आहे की नाही याची खूण एवढेच मिळते. किती उपग्रहांच्या आधारे आणि त्यांच्या कशा मांडणीतून हे स्थान निघाले, ते 'जीजीए' सांगते. ते गाळले की विधान उरते, त्याचा आधार नाहीसा होतो. अशी निवड यांत्रिक नसून संपादनात्मक होय.

मीमांसकांची आकांक्षा ही कल्पना येथे उपयोगी पडते. 'जीजीए' वेळ सांगते, दिनांक सांगत नाही. 'आरएमसी' दिनांक सांगते, पण उपग्रहांची संख्या सांगत नाही. एकाची आकांक्षा दुसरे पुरी करते, आणि दोहोंतील समान वेळ त्यांना जोडते. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ असते, हेही ध्यानी ठेवावे लागते. सारांश, 'वाक्य' ही संज्ञा येथे अर्धीच सार्थ आहे. पूर्ण अर्थ वाक्यसमूहात, मीमांसकांच्या भाषेत महावाक्यात, आहे.

म्हणून क्षेत्रीय सर्वेक्षणात ही दोन्ही वाक्ये चालू ठेवावीत आणि मूळ ओळी जशाच्या तशा जपाव्यात. निवेदकाच्या मूळ उच्चाराची ध्वनिफीत आपण जपतो, ती प्रतिलेखनावर शंका आली असता पुन्हा ऐकता यावी म्हणून. स्थानाच्या नोंदीसही तोच न्याय लावला पाहिजे.