बाहुलीचा संकेत आणि सजीव नट : 'थंडरबर्ड्स'च्या रूपांतराची मीमांसा

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील भोवाड्यात मुखवट्याचा चेहरा हलत नाही; तरीही प्रेक्षकाला त्यात क्रोध दिसतो, करुणाही दिसते. अचल चेहरा हे तेथे वैगुण्य नसून संकेत असतो. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकाला परिचित असलेल्या या अनुभवाच्या आधारे बाहुल्यांच्या एका गाजलेल्या मालिकेचे चित्रपटरूप का फसले, हे तपासता येते.

गेरी व सिल्व्हिया अँडरसन यांची 'थंडरबर्ड्स' ही ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका १९६५-६६ मध्ये ३२ भागांत प्रसारित झाली. बाहुल्यांच्या डोक्यातील विद्युत्‌यंत्रणेमुळे ध्वनिमुद्रित संवादांबरोबर त्यांचे ओठ हलत. मात्र त्यांना नीट चालता येत नसे. म्हणून त्यांना विमानांत, यानांत, सरकत्या आसनांवर बसविण्यात आले. ही मर्यादाच मालिकेचे व्याकरण बनली. कोणी अनोळखी माणूस संकटात सापडला आहे, वेळ थोडा आहे आणि योग्य यंत्र तेथे पोहोचले पाहिजे : कथेचा सारा रस या कार्यात एकवटला. प्रौढांच्या कामात मूल तन्मय होऊ शकते, हा विश्वास या रचनेच्या मुळाशी होता.

जोनाथन फ्रेक्स दिग्दर्शित चित्रपटाने (२००४) हा विश्वासच गमावला. त्यात पिता व थोरले बंधू अंतराळस्थानकात अडकतात आणि शाळकरी ॲलन आपल्या सवंगड्यांसह त्यांना सोडवितो. परक्यांना वाचविण्याचे कार्य आरंभी व अखेरीस तेवढे उरते. मधल्या कथेत तारकांनाच तारावे लागते. मुलाला केवळ मुलाचीच कथा रुचते, हे यामागील गृहीत बालप्रेक्षकाला कमी लेखणारे आहे. बिल पॅक्स्टन, बेन किंग्जली यांच्यासारखे समर्थ नटही ही उणीव भरून काढू शकत नाहीत.

बाहुल्या वगळल्या, हा दोष नव्हे. भाषांतरकारालाही मूळ भाषेचे व्याकरण सोडावे लागते. मात्र दुसऱ्या भाषेचे व्याकरण त्याला पाळावेच लागते. या चित्रपटाने पहिले सोडले आणि दुसरे घडविले नाही.

याउलट महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात रामदास पाध्ये यांनी घडविलेला तात्या विंचू सजीव नटांमध्ये वावरूनही बाहुलाच राहतो. त्याच्या ताठर हालचालीतूनच भय उपजते आणि भोवतालच्या नटांची घाबरगुंडी त्या भयाला खरेपणा देते. माध्यम बदलले तरी बाहुलीचा संकेत जपता येतो, याचा हा मराठी पुरावा होय.